पाचशे गाडे आणि साठ अँपिअर

लालबाग हे बऱ्हाणपूरचे स्टेशनकडचे अंग. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी इथे थांबते; जुने शहर, जामा मशीद, ताप्तीचे घाट हे सगळे आणखी पुढे. कागदोपत्री हा मध्य प्रदेश. पण दुकानात हिंदी बोलणारी कितीतरी माणसे घरात शिरली की मराठीवर येतात आणि ज्येष्ठ लागला की त्यांचे लक्ष मुक्ताईनगरकडे जाते. मुक्ताबाईंची पालखी तिथूनच निघते. पंढरपूरला जाणाऱ्या सर्वांत लांब पल्ल्याच्या पालख्यांपैकी ती एक, जवळजवळ महिनाभराची वाट. खानदेश आणि विदर्भातल्या वारकऱ्यांबरोबर सीमेपलीकडची माणसेही तिच्यात चालतात.

माणसे चालतात आणि मागून गाड्या चालतात. सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर आणि बहुतेक दिंड्यांत एखादी जुनी जीप, जिच्या टपावर कर्णा बांधलेला असतो. अशा एका जीपपाशी धर्मविचारातला एक फार जुना प्रश्न अगदी मोजून मांडता येतो. वीज पुरत नसेल तर वीज तयार करणारे यंत्र मोठे करायचे, की लागणारी वीज कमी करायची? आणि यंत्र मोठे करणे सहज शक्य असेल, खिशाला परवडत असेल, तर मग मर्यादा घालून घेण्याला काही कारण उरते का?

आधी यंत्र समजून घ्यावे. गाडी सुरू करायला वीज बॅटरी देते. पण इंजिन चालू झाले की पुढची सगळी वीज अल्टरनेटरने द्यायची असते आणि बॅटरीतून काढलेली परतही भरायची असते. इंजिनाच्या पुलीवरचा बेल्ट अल्टरनेटर फिरवतो. आतला रोटर म्हणजे विजेवर चालणारा चुंबक, भोवती तांब्याच्या वाइंडिंगचा स्टेटर. चुंबक फिरला की वाइंडिंगमध्ये वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेले तत्त्व तेच आहे. ही वीज उलटसुलट दिशेची असते. डायोड प्लेट ती सरळ करते आणि रेग्युलेटर तिचे व्होल्टेज चौदाच्या आसपास धरून ठेवतो. याआधीच्या काळात गाड्यांना डायनामो असे. जुन्या अँबॅसेडरच्या जातीच्या गाडीचा डायनामो वीस-बावीस अँपिअरवर थकायचा आणि इंजिन मंद चालत असताना जवळजवळ काहीच द्यायचा नाही. गॅरेजमध्ये अजून कित्येक जण अल्टरनेटरलाही डायनामोच म्हणतात.

त्या वीस अँपिअरमध्ये गाडीचे सगळे भागत होते, कारण गाडीच्या गरजाच तेवढ्या होत्या. दोन दिवे, एक वायपर, एक हॉर्न. फार तर रेडिओ.

आता दिंडीतली जीप डोळ्यांसमोर आणावी. समजा, तिचा अल्टरनेटर 35 अँपिअरचा आहे. हेडलाइटच्या दोन बल्बना मिळून दहा अँपिअर लागतात. टेललाइट आणि डॅशबोर्डचे तीन, पावसात वायपरचे चार. कर्ण्याच्या अँप्लिफायरला दहा. रात्री मुक्कामावर उजेड पडावा म्हणून बसवलेल्या दोन एलईडी दिव्यांना चार. मोबाइल चार्ज करायला इन्व्हर्टर घेतला, त्यावर एका वेळी दहा-बारा फोन लागतात, त्याचे चौदा. इन्सुलिन घेणारे वारकरी असतात, त्यांच्या औषधासाठी बारा व्होल्टची छोटी फ्रिजपेटी, तिचे पाच. बेरीज पन्नास होते.

पण खरी अडचण या पन्नासात नाही. अल्टरनेटरवर छापलेला आकडा वेगाने फिरतानाचा असतो. इंजिन मंद चालत असेल तर त्यातले निम्मे मिळाले तरी पुष्कळ. आणि दिंडीतली जीप दिवसभर माणसाच्या पावलाने चालते! पहिला गिअर, इंजिन जेमतेम गुरगुरतेय, वर ज्येष्ठाचे ऊन. म्हणजे हातात येतात सतरा अँपिअर. दिवे बंद असले तरी अँप्लिफायर, इन्व्हर्टर आणि फ्रिजपेटी मिळून एकोणतीस ओढतात. तासाला बारांची तूट बॅटरीतून भरून निघते. बॅटरी 75 अँपिअर-तासांची असली तरी शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढत राहिले की तिचे आयुष्य घटते, म्हणजे वापरायला अडतीसच्या आसपास. तीन तासांत हिशेब संपतो. दुपारच्या विसाव्यानंतर जीपला धक्का मारायला चार तरुण बोलवावे लागतात, ते या हिशेबामुळे.

यावरचा नेहमीचा उपाय ऑटो इलेक्ट्रिशियन देतो तो असा, की नव्वद अँपिअरचा अल्टरनेटर बसवून टाका. ब्रॅकेट जुळवून घेता येतो, जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे काम रोजचे आहे. मात्र जो जाणकार असेल तो एवढ्यावर थांबत नाही. नव्वद अँपिअर एकाच साध्या व्ही-बेल्टवर ओढले तर बेल्ट घसरतो, चिरकतो, जळतो. जुनी चार्जिंगची वायर एवढा प्रवाह सोसत नाही. तिच्या जागी जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि इंजिनापासून बॉडीपर्यंत अर्थिंगची नवी पट्टी लागते. बऱ्याच जुन्या गाड्यांत चार्जिंगचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या अँमीटरमधून जातो. तीस अँपिअरसाठी केलेल्या त्या घड्याळातून सत्तर अँपिअर जाऊ लागले की डॅशबोर्डच्या मागे आग लागू शकते. म्हणून अँमीटर बाजूला काढून व्होल्टमीटर लावतात. आणि वीज काही आभाळातून येत नाही. सत्तर अँपिअर चौदा व्होल्टने दिले तर जवळपास हजार वॅट होतात. अल्टरनेटर घेतलेल्या शक्तीपैकी पंचावन्न-साठ टक्केच विजेत बदलतो, म्हणून इंजिनाकडून अडीच अश्वशक्ती जातात. त्या डिझेलमधून जातात.

म्हणजे अल्टरनेटर मोठा केला की मर्यादा नाहीशी होत नाही. ती अल्टरनेटरमधून बेल्टमध्ये सरकते, बेल्टमधून वायरमध्ये, वायरमधून डिझेलच्या टाकीत.

एक गोष्ट मात्र मोठ्या अल्टरनेटरच्या बाजूने सांगायलाच हवी, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. नव्वद अँपिअरचा अल्टरनेटर नव्वद अँपिअर कुणावर लादत नाही. रेग्युलेटर व्होल्टेज सांभाळतो, उपकरणे ओढतात तेवढाच प्रवाह वाहतो. वीसच लागत असतील तर तो वीसच देतो. क्षमता हा दोष नाही. ओढणारा कोण आणि किती, हा प्रश्न आहे.

हाच प्रश्न श्वेतांबर जैन आगमांतल्या उपासकदशांग या ग्रंथात एका माणसाच्या गोष्टीतून येतो आणि गंमत म्हणजे तिथेही वाहनांचा आकडा आहे. वाणिज्यग्रामातला आनंद नावाचा गृहस्थ महावीरांकडे जातो. तो म्हणतो, मुंडन करून घर सोडण्याची माझी ताकद नाही, मी गृहस्थाची व्रते घेतो. मग तो एकेक वस्तू मोजून सांगू लागतो. बारा कोटी सुवर्णमुद्रा: चार निधीत, चार व्याजावर, चार घरसंसारात. दहा-दहा हजार जनावरांचे चार कळप. पाचशे नांगर. दूरदेशी जाणारे पाचशे गाडे आणि शेतातला माल आणणारे पाचशे गाडे. मग नौका. तिथून तो आणखी बारीक तपशिलात शिरतो: अंग पुसायला अमुकच वस्त्र, दात घासायला ज्येष्ठमधाची ओली काडी, आंघोळीला आठ घडे पाणी आणि प्यायला आभाळातून पडलेलेच पाणी. याखेरीज उरलेल्या सगळ्याचा तो त्याग करतो.

आजच्या वाचकाला पहिल्यांदा वाटते की हा कसला त्याग! बारा कोटी मुद्रा आणि हजार गाडे ठेवून माणूस व्रती म्हणवतो. पण नीट पाहिले तर आनंदाने केलेली गोष्ट सोपी नव्हती. त्याच्याकडे होते त्यातले त्याने फारसे काही सोडले नाही. त्याने वाढ सोडली. उद्या व्यापार फोफावला, सहाशे गाडे लागतील इतका माल आला, तर पाचशे एकावा गाडा घ्यायचा नाही. घेण्याची ऐपत असताना घ्यायचा नाही. आणि हे त्याने मनातल्या मनात ठरवले नाही, वस्तूंची नावे आणि आकडे उच्चारून, साक्षीने ठरवले.

दिगंबर परंपरेत समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात याच व्रताची मांडणी आणखी व्यवहाराला धरून आहे. एकदाच वापरता येते ते अन्नासारखे भोग, पुन्हा पुन्हा वापरता येते ते वस्त्रासारखे उपभोग. दोन्हींचे परिमाण ठरवायचे. आणि मर्यादा दोन प्रकारची. जन्मभरासाठी घातलेली तो यम. एका दिवसासाठी, पंधरवड्यासाठी, महिन्यासाठी, ऋतूसाठी घातलेली तो नियम. ज्याला जन्माचे बंधन झेपत नाही त्याने महिन्याचे घ्यावे. संसारी माणसाची ताकद किती असते याची इतकी समजूतदार जाणीव धर्मग्रंथांत वारंवार आढळत नाही.

आणि उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंचे नावही घेतलेले नाही. वस्तूविषयीची मूर्च्छा, तिच्यात मन गुंतून बेभान होणे, हाच तिथे परिग्रह आहे. मोठा अल्टरनेटर पाप नाही आणि लहान अल्टरनेटर पुण्य नाही, हे ही व्याख्या आपोआप सांगून टाकते.

मग मोजायचे कशाला? माणसाने मन स्वच्छ ठेवावे, वस्तू कितीही ठेवाव्यात, असे म्हणून मोकळे व्हावे का? पुष्कळ श्रीमंत भाविकांनी हाच अर्थ काढलेला आहे आणि तो चुकीचा आहे, असे ठामपणे म्हणायला हवे. मन गुंतले आहे की नाही हे मनाला विचारून कळत नाही, कारण उत्तर देणारे तेच आणि गुंतलेलेही तेच. आकडा बाहेर असतो. पाचशे म्हणजे पाचशे. पाचशे एक झाले की कुणालाही दिसते. आनंदाने आकडे का उच्चारले, त्याचे कारण हे असावे.

मराठी वाचकाला इथे ययाती आठवल्याशिवाय राहणार नाही, वि. स. खांडेकरांच्या 1959 सालच्या कादंबरीने त्याला घराघरांत नेले. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला राजा मुलांकडे तारुण्य मागतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू नाही म्हणतात. धाकटा पुरू देतो. हजार वर्षे उपभोग घेऊन ययातीला कळते की उपभोगाने इच्छा शमत नाही, वाढते. कथा सांगताना हा बोध सगळे सांगतात. पण महाभारतातली ही कथा दुसरीही एक गोष्ट दाखवते, तिच्याकडे कमी लक्ष जाते. ययातीची क्षमता वाढली ती आपोआप वाढली नाही, पुरूची घटली. हजार वर्षे कुणीतरी दुसरा म्हातारा होऊन बसला होता. स्रोत मोठा करताना तो कुठून मोठा झाला, हे विचारायला हवे. जीपच्या बाबतीत बेल्ट, वायर आणि डिझेल यांची चौकशी जशी करावी लागते तशी.

लालबागच्या माणसाला हे समजावून सांगायला महाभारतापर्यंत जाण्याचीही गरज नाही. त्याच्या पायाखालीच कुंडी भंडारा आहे.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्हाणपूर हे मुघलांच्या दख्खन मोहिमांचे ठाणे होते. फौजा आल्या, लवाजमे आले, कारागीर आले. पाण्याची मागणी एकाएकी वाढली. ताप्ती होती, पण ती शहराच्या पातळीपेक्षा खाली वाहते आणि वेढ्यात शत्रूने नदीचे पाणी नासवले तर काय, ही भीतीही सांगितली जाते. अब्दुल रहीम खान-ए-खानान सुभेदार असताना तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या बाजूची जमीन पाहिली आणि 1615 मध्ये काम सुरू झाले. डोंगरावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि खालून ताप्तीच्या दिशेने झिरपत जातो. त्या झिरपण्याच्या वाटेवर त्याने भुयारे खोदली, त्यांना अगदी हलका उतार दिला आणि ठरावीक अंतरावर वरपर्यंत विहिरीसारख्या कुंड्या काढल्या. या कुंड्या शंभरावर आहेत. पाणी एका कुंडीतून दुसरीकडे आपल्या वजनाने सरकत जाली करंज या ठिकाणी पोचते आणि तिथून शहरात वाटले जाई. पंप नाही, मोट नाही, बैल नाही.

आज पाहुण्यांना लिफ्टने एका कुंडीत उतरता येते. खाली भुयारात पाय गार पाण्यात बुडतात, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले दिसतात. शतकानुशतके झिरपणाऱ्या पाण्यातले क्षार तिथे साचलेले आहेत. हेच थर झिरपण्याची बारीक छिद्रे बुजवतात, हे या व्यवस्थेचे आजचे मोठे दुखणे आहे. मार्च 2024 मध्ये कुंडी भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आले.

नीट पाहिले तर कुंडी भंडारासुद्धा स्रोत मोठा करण्याचेच काम होते. मागणी वाढली, म्हणून पुरवठा वाढवला. तबकुतुल अर्जने फौजेला तहान कमी करायला सांगितले नाही. म्हणून पुरवठा वाढवणे म्हणजे हाव, असे म्हणणाऱ्याला लालबागमध्येच उत्तर मिळते. पण त्याने वाढवला तो कसा, याकडेही पाहावे. भुयारात झिरपून येईल तेवढेच पाणी पुढे जाते. डोंगराने पावसाळ्यात जेवढे घेतले त्याहून जास्त काढण्याची सोय त्या बांधकामातच नाही. चारशे वर्षांनी त्याच परिसरात विजेचे पंप आणि विंधनविहिरी आल्या. केळी हे बऱ्हाणपूरचे मोठे पीक, 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेतही तेच. केळीला पाणी भरपूर लागते. विंधनविहीर डोंगराने किती घेतले हे विचारत नाही, पंपात ताकद असेल तितके वर ओढते. पाणी खाली गेले की आणखी खोल जायचे, आणखी ताकदीचा पंप लावायचा. पुरूचे म्हातारपण इथे जमिनीने घेतले आहे आणि शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. पाचशेव्या फुटावर जाणारा शेतकरी शेजारच्याच्या चारशे फुटांमुळे जातो. एकट्याने व्रत घेतले तर पाणी शेजारी नेईल, ही त्याची भीती खरी आहे. आनंदाचे व्रत व्यक्तीचे होते; पाण्याला गावाचे व्रत लागते. ठिबकवर वळलेल्या केळीच्या बागा ही त्याची चांगली सुरुवात आहे, पण वाचलेल्या पाण्यात आणखी एकर भिजवायचे ठरले तर बेरीज जिथल्या तिथे.

ज्या शहराच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे, तिथे या प्रश्नाला एकाच धर्माने हात घातला असेल असे मानण्याचे कारण नाही. नमाजाआधीच्या वजूबद्दल हदीसमध्ये एक प्रसंग सांगितला जातो. साद नावाचे सहकारी वजू करत होते. प्रेषितांनी विचारले, ही उधळपट्टी कशासाठी? साद म्हणाले, वजूतही उधळपट्टी असते का? उत्तर आले की हो, वाहत्या नदीच्या काठावर बसला असलास तरीही. हा प्रसंग ज्या परंपरेने पोचला तिच्या विश्वसनीयतेबद्दल अभ्यासकांचे मत काही असो, त्यातला विचार धारदार आहे. नदीकाठी पाणी कमी पडत नाही. चार ओंजळी जास्त घेतल्या म्हणून नदी आटत नाही. तरीही मोजायचे. म्हणजे मर्यादेचे कारण टंचाई नाही.

इथे सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हाती येते, निदान त्याची दिशा तरी. स्रोत वाढवता येतो म्हणून मर्यादेची गरज संपते, असे मानणारा माणूस मर्यादेकडे स्रोताच्या बाजूने पाहतो: पाणी संपेल म्हणून कमी वापरा, बॅटरी उतरेल म्हणून बंद करा. आनंद आणि तो हदीसमधला प्रसंग मर्यादेकडे वापरणाऱ्याच्या बाजूने पाहतात. मला किती लागते हे मला ठाऊक आहे का? हे ठाऊक नसलेल्या माणसाला नव्वद अँपिअर दिले तर तो शंभराचे लोड जोडतो. ठाऊक असलेल्याने साठ घेतले किंवा दीडशे घेतले, दोन्ही निर्धोक.

आणि किती लागते हे ठरवताना काटकसर हाच एक धर्म असतो असेही नाही. बऱ्हाणपूरहून असीरगडच्या बाजूने खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सातपुड्याची वळणे आहेत. अशा रस्त्यावर जुन्या जीपचे दिवे मिणमिणते असतील तर अंधारात कडेने चालणाऱ्या माणसाचा जीव जातो. तिथे चांगल्या दिव्यांवर खर्च करणे ही अहिंसा आहे. मर्यादेच्या नावाखाली मंद दिवे ठेवणारा दुसऱ्याच्या जिवावर व्रत पाळतो. मात्र उजेड कमी का आहे, हे आधी पाहायला हवे. हॅलोजन बल्बला मिळणारे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. मल्टिमीटरने आधी बॅटरीवरचे व्होल्टेज मोजावे, मग हेडलाइटच्या सॉकेटवरचे. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदा दिसतात आणि बल्बवर साडेअकरा, असे असेल तर अल्टरनेटरचा काही दोष नाही. गंजलेला जोड, झिजलेला स्विच, बारीक वायर आणि अर्थिंगची सैल पट्टी यांनी मधल्यामध्ये अडीच व्होल्ट खाल्ले. रिले बसवून बॅटरीपासून सरळ जाड वायर ओढली की त्याच जुन्या अल्टरनेटरवर दिवे लख्ख लागतात. कमतरता वाटत होती ती गळती निघते. स्रोत अपुरा आहे असे ठरवण्याआधी ही तपासणी करणारा इलेक्ट्रिशियन, मग त्याने तो शब्द कधी ऐकलेला नसेना का, विवेकाचेच काम करतो.

आता ती पन्नास अँपिअरची यादी पुन्हा हातात घ्यावी आणि आनंदाने घेतली तशी, एकेका ओळीचे नाव घेत. इन्सुलिनची पेटी: पाच अँपिअर, चोवीस तास, तिच्याविषयी वाद नाही. अँप्लिफायर: भजनाला आणि सूचनांना हवाच, पण दोन अभंगांच्या मधल्या वेळात तो चालू ठेवून कर्ण्यातून नुसती घरघर ऐकवण्याचे कारण नाही. दिवे: हवेत, रिलेसकट हवेत. इन्व्हर्टर: इथे खरा विचार आहे. चौदा अँपिअर, सगळ्यांत मोठा आकडा. घरच्यांशी बोलायला, औषधांसाठी, हरवलेल्या माणसाला शोधायला फोन लागतो. पण तो चालताना चार्ज व्हायला लागत नाही. मुक्कामाच्या गावात देवळात, शाळेत, धर्मशाळेत वीज असते. नसेल तिथे संध्याकाळी जीपचे इंजिन थोडे जोरात ठेवून तासभर इन्व्हर्टर चालवता येतो. म्हणून चालताना इन्व्हर्टर बंद, असा नियम. वारीपुरता नियम, यम नव्हे.

एवढे केले की दिवसा चालताना लागतात पंधरा अँपिअर. जुना 35 अँपिअरचा अल्टरनेटर मंद इंजिनावर सतरा देत होता, म्हणजे दिवसाची तूट मिटली. रात्री पावसात रस्त्यावर एलईडीसकट सगळे दिवे, वायपर, अँप्लिफायर, पेटी धरून छत्तीस होतात. तिथे पस्तीसचा अल्टरनेटर पूर्ण ताणावर चालतो, तापतो, बॅटरी भरायला काहीच उरत नाही. तो बदलायलाच हवा. बदलायचा तर नव्वदचा नव्हे, साठचा पुरतो. साठचा अल्टरनेटर मंद इंजिनावर तीसच्या आसपास देईल, रस्त्यावर सगळे भागवून बॅटरीही भरेल. चांगल्या कसलेल्या एका व्ही-बेल्टवर तो चालतो. चार्जिंगची वायर जाड करावी लागतेच, अँमीटर बाजूला काढावा लागतो, बॅटरीजवळ फ्यूज लागतो. पण पुली बदलण्याची आणि रुंद पट्ट्याचा बेल्ट बसवण्याची दगदग वाचते.

मग उरते ती फ्यूज बॉक्सची गोष्ट. नवा बॉक्स घेताना त्यात दोन-तीन खाचा रिकाम्या ठेवण्याची पद्धत आहे, पुढे काही जोडायचे झाले तर. इलेक्ट्रिशियन विचारेलच, ठेवायच्या का? दिंडीच्या चालकाने, विणेकऱ्याने आणि जीप चालवणाऱ्याने मिळून त्याचे उत्तर द्यावे आणि यादी तिथल्या तिथे लिहून घ्यावी: कशाला किती, कधी चालू, कधी बंद. पुढच्या ज्येष्ठात कुणी टीव्हीचा पडदा, कुणी मोठी साउंड सिस्टिम, कुणी गाडीत थंड पाण्याचे मशीन घेऊन येईल, तेव्हा ही यादी काढून पाहता येईल आणि नवे काही घ्यायचे तर कोणती ओळ खोडायची हे सगळ्यांसमोर ठरवता येईल.